देव उजव्या हाताला

भोर, चैत्र वद्य पंचमी, शनिवार
ता. ११ एप्रिल १९३६

चि. रघुवीर यास,

अनेक आशीर्वाद. आधी तक्रार ऐक, मग बाकीचे. अकरा वर्षांनी सख्ख्या थोरल्या भावाला उत्तर पाठवायचे, आणि तेही उघड्या कार्डावर? मुंबईत पाकिटे मिळेनाशी झाली काय? ज्ञानू पोस्टमनने ते माझ्या हाती देण्याआधी सावकाश वाचले, आणि देताना म्हणाला, "शास्त्रीबुवा, व्हडीची शेपटी बदलावी लागंल म्हंत्यात धाकले." संध्याकाळपर्यंत हे निदान साऱ्या पेठेत पोचले होते. राजनीतीत दूताचा वध वर्ज्य सांगितला आहे. दूताने पत्र वाचल्यास काय करावे याविषयी शास्त्र मौन पाळते. मीही पाळले.

कार्डात चार ओळी. ना साष्टांग नमस्कार, ना खुशालीची विचारपूस. "वाकडा शाफ्ट ठोकून सरळ करू नका. नवा घाला. मापे पाठवा. बेअरिंग झिजले आहे का ते पाहा." ठीक आहे. गोदीत काम करणाऱ्याचा वेळ मोलाचा असतो. मापे सोबतच्या कागदावर आहेत. जाडी तीन ठिकाणी दोरा गुंडाळून घेतली आहे.

तुला होडीची माहिती नाही, ती देतो. भाटघरच्या धरणाचे पाणी वर डोंगरात लांबवर गेले आहे. वेल्ह्याकडची माणसे डोंगर उतरून त्या पाण्याच्या शेंड्याला येतात आणि तिथून भोरला यायला होडीत बसतात. त्यासाठी काठच्या गावांनी एक मंडळी काढली आणि मुंबईहून शिडाची जुनी होडी आणली. डोंगरातला वारा येईल तेव्हा खरा, म्हणून तिच्या पोटात इंजीन आहे आणि शेपटीला पंखा. मंडळीचे अध्यक्ष आनंदराव, चिटणीस मी. शाळेत संस्कृत शिकवणाऱ्याला कागद नीट लिहिता येतो, एवढीच माझी पात्रता.

होडी चालवतो कोंडिबा. फाल्गुनात चौदा माणसे घेऊन तो भोरकडे येत होता. वाटेत एक बुडालेली वाडी आहे, तिथल्या उंचवट्यावरच्या विहिरीच्या मोटेचा दगडी खांब पाण्याखाली होता, त्यावर पंखा आपटला. एक पाते दुमडले, इंजिनाकडून पंख्यापर्यंत जाणारा लोखंडी दांडा, म्हणजे हा शाफ्ट, वाकला, आणि शाफ्ट जिथून बाहेर जातो त्या नळीतून पाणी आत यायला लागले. कोंडिबाने डोक्याचे मुंडासे काढून तिथे कोंबले, शीड चढवले आणि सगळ्यांना काठाला लावले. ठकुबाईची कोंबड्यांची पाटी तेवढी वाहून गेली. ती अजून माझ्याकडे कोंबड्या मागते.

आनंदरावांचे म्हणणे असे, की जुन्या रस्त्याच्या अंगाने खोल आणि मोकळे पाणी असताना हा विहिरीकडून का गेला? कोंडिबा काही सांगत नाही. त्याला होडीवरून थांबवले आहे. सोमवारी ११ मे रोजी मंडळीची बैठक आहे. तोवर होडी दुरुस्त व्हावी आणि तिथेच कोंडिबाचे काय ते ठरावे. चूक त्याची ठरली तर तो कायमचा गेला. त्याची जमीन त्याच पाण्याखाली आहे. ज्या विहिरीवर होडी आपटली ती त्याच्या आज्याने खणलेली. होडी गेली तर त्या माणसाला दुसरे काही उरत नाही.

तो का वळला, ते मलाही नीटसे समजत नाही.

तुझा दादा

---

भोर, ता. २० एप्रिल, सोमवार

चि. रघुवीर,

पाकीट पोचले. ज्ञानू फार उदास दिसला.

जुना शाफ्ट निघाला. कसा निघाला ते सांगतो, म्हणजे तुला गोदीत चार माणसांना हसवता येईल. तू लिहिले होतेस, की पंख्याचा नट उलट्या आट्याचा असू शकतो, आधी पाहून घ्या. ते पत्र माझ्या खिशात होते. सोनबा लोहाराने आणि मी सकाळपासून दुपारपर्यंत त्या नटाशी झुंज दिली. नट सोडवतो आहोत अशी आमची समजूत होती. वस्तुतः आम्ही तो आवळत होतो. जेवायला बसलो तेव्हा मी पत्र पुन्हा काढले. सोनबा म्हणाला, "बुवा, तुमी कागूद वाचून मंग पान्याला हात लावत जा. आमी अडाणी बरं, आमाला कागूदच नसतो."

मग कपलिंग. शाफ्ट इंजिनाला जोडणारी ती लोखंडी तबकडी गंजून एकजीव झालेली. रॉकेल पाजून दोन रात्री ठेवली, तिसऱ्या दिवशी कोळशाने तापवली आणि मधे लाकूड धरून ठोकली, तेव्हा सुटली. नळीत शाफ्टला आधार देणारे लाकडी बेअरिंग एवढे झिजले आहे की शाफ्टभोवती माझी करंगळी जाते. चिमाजी सुताराने बाभळीचे करून देतो म्हणून हट्ट धरला. तू म्हणतोस ते परदेशी लाकूड पाण्यात बुडते, हे त्याला पटेना. म्हणाला, जे बुडतं ते लाकूड कसलं? पाठव ते, त्याच्या डोळ्यांदेखत घागरीत टाकू.

काळजी पाण्याची आहे. होडी काठावर दगडांच्या टेकूवर घेतली, तेव्हा पाणी तिच्यापासून सात पावलांवर होते. खाली कालव्याला पाणी सोडतात, त्यामुळे ते रोज मागे सरकते. आज मोजली, एकतीस पावले. शाफ्ट यायला जितका उशीर, तितकी होडी लांब ओढावी लागणार, आणि मधे सगळा चिखल आहे.

कोंडिबा रोज येतो. त्याला कामावर घेतलेले नाही, पण येतो आणि पान्याला हात लावतो. कोणी त्याला नको म्हणत नाही, कोणी ये म्हणत नाही.

तुझ्या पत्राच्या शेवटी मापांशी संबंध नसलेली एक ओळ आहे: "दादा, तिथून वळायला त्याला कुणी सांगितले होते?" तू शाफ्ट बनवणारा आहेस की न्यायाधीश? असो. त्या बुडालेल्या वाडीत भैरोबाचे देऊळ आहे. देवाच्या डोक्यावरून होडी न्यायची नाही, असा त्या लोकांचा रिवाज आहे. म्हणून ते बाजूने जातात. बाजू दोन असतात. पुढचे विचारू नकोस.

तुझा दादा

---

भोर, ता. १ मे, शुक्रवार

चि. रघुवीर,

शाफ्ट आला. पुण्याहून येणाऱ्या मोटारवाल्याने तो कापूरव्होळला उतरवायचा सोडून सारोळ्यापर्यंत नेला आणि तिथे एका दुकानापुढे टेकवून निघून गेला. दोन दिवस सारोळ्याची माणसे त्यावर बसून विडी ओढत होती. तिथून बैलगाडीने आणला. एक ओरखडा नाही. तुझे काम चोख आहे, हे मला कळत नसताना कळले. सोनबाने त्यावरून बोट फिरवले, मग ते धोतराला पुसून पुन्हा एकदा फिरवले.

लाकूड घागरीत टाकले. बुडाले. चिमाजी घरी गेला.

नळीत बेअरिंग बसले, शाफ्ट आत गेला, नवा पंखा चढला, आणि या खेपेस नट कोणत्या अंगाला फिरतो ते आम्ही तीन वेळा वाचले. पाणी चौसष्ट पावलांवर आहे.

मंगळवारी आनंदराव पाहायला आले. मी तेलाचा डबा धरून उभा, कोंडिबा होडीत ओणवा. आनंदराव माणूस वाईट नाही. त्यांनी सरळ विचारले. ते बोलणे जसेच्या तसे लिहितो, कारण तेव्हापासून मला दुसरे काही नीट ऐकू येत नाही.

"कोंडिबा, रस्त्याकडचं पाणी तुला ठाऊक व्हतं का न्हाई?"

"ठाऊक व्हतं."

"मंग हिरीकडनं का घातलीस?"

"घातली. चूक झाली."

"कुनी सांगितलं व्हतं का तुला?"

कोंडिबाने पान्यावरून नजर काढली नाही. "व्हडी माज्या हातात व्हती, मालक."

मी तिथून हातभर अंतरावर होतो. मी म्हणालो, "तेल संपले," आणि डबा घेऊन झाडाखाली गेलो. डबा अर्धा भरलेला होता.

आता तू विचारलेस त्याचे उत्तर. मागच्या पत्रात देता आले असते. पहिल्याही पत्रात आले असते. मला समजत नाही असे मी लिहिले, ते खोटे होते.

तीन वर्षांपूर्वी होडी पहिल्यांदा पाण्यात सोडली. नारळ फुटला, पेढे वाटले, आणि मी नवा चिटणीस म्हणून जरा फुगलो होतो. आनंदराव पुढे निघून गेल्यावर कोंडिबाने बाकी सगळ्यांदेखत विचारले, "बुवा, भैरोबाच्या माथ्यावरनं तर जायाचं न्हाई. मंग कोन्या अंगानं जायाचं?" मला विनोद सुचला. गंभीर चेहरा करून मी म्हटले:

जलमग्नोऽपि यो देवः स कार्यो दक्षिणे सदा ।
यातायाते च नौकाभिर्नाविकैः क्षेममिच्छुभिः ॥

आणि अर्थ सांगितला: देव पाण्यात बुडालेला असला तरी, क्षेम हवे असलेल्या नावाड्याने जाताना आणि येतानाही तो उजव्या हाताला ठेवावा. प्रदक्षिणेसारखा. छंद निर्दोष आहे, प्रमाण शून्य. श्लोक तिथेच, नारळाचा तुकडा तोंडात असताना रचलेला. मला वाटले, हसतील. कोणी हसले नाही. गर्दीतल्या बाळाबाईने हात जोडले. हसले नाहीत, तेव्हाच सांगायला हवे होते.

जाताना देव उजव्या हाताला ठेवला की होडी रस्त्याच्या खोल पाण्यातून जाते. येतानाही उजव्या हाताला ठेवायचा तर देवळाच्या दुसऱ्या अंगाने यावे लागते, म्हणजे विहिरीवरून. तीन वर्षे कोंडिबा येताना त्या खांबाला चुकवून काढत होता, कारण खांब कुठे आहे हे त्याच्याइतके कोणाला माहीत असणार? फाल्गुनात कालव्याला जास्त पाणी सुटले, आणि त्या दिवशी खांबावर त्याच्या अंदाजापेक्षा हातभर कमी पाणी होते. एवढेच.

श्लोक मी रचलेला आहे, हे अजून तुझ्याशिवाय कोणाला माहीत नाही. कोंडिबाला आणि त्या दिवशी ऐकणाऱ्या सगळ्यांना तो शास्त्रातला वाटतो, आणि त्यासाठी माझे नाव आनंदरावांपुढे कोणी काढत नाही.

दादा

---

भोर, ता. ८ मे, शुक्रवार

चि. रघुवीर,

होडी पाण्यात आहे. बारा बैल, ओंडके, आणि वीसेक माणसे. चौऱ्याऐंशी पावलांना दुपार गेली. एकदा ती चिखलात कलंडायला लागली तेव्हा मी डोळे मिटले. उघडले तेव्हा कोंडिबा खांद्याने तिला तोलून उभा होता.

तू लिहिले होतेस, की कपलिंग जमिनीवर कितीही जुळलेले दिसले तरी मानू नका, पाण्यात होडीचे पोट बदलते; एक दिवस तरंगू द्या आणि मग पुन्हा तपासा. खरे निघाले. दुसऱ्या दिवशी दोन तबकड्यांमधल्या फटीत वरून तुझे कार्ड जात होते आणि खालून जात नव्हते. रॉकेलच्या डब्याचा पत्रा कापून इंजिनाखाली सारत बसलो. संध्याकाळी कार्ड चारी बाजूंनी सारखे अडकायला लागले. नळीच्या तोंडाशी पाणी अडवणारे पॅकिंग तू म्हणालास तसे भरले, आणि थेंब थेंब गळू दिले. आनंदराव म्हणाले, नवीन करूनही गळतं? मी सांगितले, गळणे पूर्ण बंद केले तर शाफ्ट जळतो असे मुंबईचे मत आहे.

आज इंजीन चालवून पाहिले. उतारू नाहीत, मी आणि कोंडिबा. आनंदरावांनी त्याला आजच्यापुरता हात लावू दिला, कारण दुसऱ्या कोणाला येत नाही. वर शेंड्यापर्यंत गेलो. शाफ्ट असा फिरत होता की मी हात ठेवून पाहिला तेव्हा फिरतो आहे हे हाताला कळले नाही. हे तुला सांगायचे होते.

येताना देवळाचा कळस दिसला. पाणी इतके उतरले आहे की तो वीतभर वर आला आहे, आणि त्यावर एक पाणकावळा पंख पसरून वाळवत बसला होता. कोंडिबाने सुकाणू विहिरीकडे वळवले.

मी म्हणालो, रस्त्याकडून घे. तो म्हणाला, देव डाव्या हाताला यील. मी म्हणालो, येऊ दे, आज खांबावर तेव्हापेक्षाही कमी पाणी आहे. तो म्हणाला, इंजीन बंद करतो, बांबूनं ठोकत नेतो, तुमी घाबरू नका. खरोखरच त्याने इंजीन बंद केले आणि बांबू हातात घेतला. बांबू पहिल्यांदा दगडावर वाजला तेव्हा मी बोललो. तो श्लोक कुठल्याही पोथीत नाही, मी केला, त्या दिवशी, गंमत म्हणून.

तो बांबू धरून उभा राहिला. होडी वाऱ्याने आपोआप थोडी फिरली. मग त्याने विचारले, "ज्येष्ठात माज्या सगुणीचं लगीन हाय. त्यो मुहूर्त बी तुमीच दिलाय. त्यो बी आसाच काय?"

मी म्हणालो, नाही, तो पंचांगातला आहे, खरा आहे.

"बरं," तो म्हणाला. त्याचा विश्वास बसला की नाही ते मला त्याच्या तोंडावरून कळले नाही.

मग मी सांगितले, की सोमवारी बैठकीत मी हे उभा राहून सांगणार. तो एकदम म्हणाला, नका. तो काय म्हणाला ते त्याच्याच शब्दांत देतो:

"माजं काय, म्या कुटं बी राबंन. पर तुमचा सबूद खोटा ठरला तर आमी इचारायचं कुनाला? पोरांची नावं, मरनाचे दिवस, लगनं, समदं तुमाला इचारून केलंय लोकांनी. त्ये समदं आता उकरायचं व्हय?"

त्याने बांबू खाली ठेवला, इंजीन सुरू केले आणि रस्त्याच्या अंगाने होडी काढली. कळस डाव्या हाताला गेला. जाताना त्याने सुकाणू सोडून दोन्ही हात जोडले, आणि मी घाईघाईने सुकाणू धरले.

काठाला लागल्यावर त्याने दोर बांधला. उतरताना म्हणाला, "म्या सांगनार न्हाई. तुमी बी सांगू नका."

रघुवीर, मला इतके बरे वाटले. तेच तुला सांगतो आहे. मला बरे वाटले.

दादा

---

भोर, ता. १० मे, रविवार

रघुवीर,

सोबत एक कागद आहे. त्यात श्लोक, तो मी कधी आणि कसा रचला, कोंडिबाने तो पाळला म्हणून होडी विहिरीकडून गेली, हे सगळे मराठीत, साध्या भाषेत लिहून खाली सही केली आहे. त्याची दुसरी प्रत माझ्या कोटाच्या खिशात आहे. ती उद्या सकाळी दहा वाजता मी आनंदरावांच्या हातात द्यायची आहे.

तुझ्या कालच्या पत्रात शाफ्टविषयी काही नव्हते. तू फक्त विचारले आहेस, की त्या रामनवमीला मी मान वर का केली नाही. अकरा वर्षे मी या प्रश्नाची वाट पाहत होतो आणि तो येऊ नये म्हणून पत्र लिहीत नव्हतो. होडी मोडली नसती तर आणखी अकरा वर्षे लिहिले नसते.

त्या रामनवमीला देवळाच्या खांबावर डकवलेले ते आठ श्लोक माझे. देवस्थानच्या पंचांची टिंगल माझी, अक्षर मी मुद्दाम वाकडे काढलेले, आणि खळ लावून डकवायला मी तुला पाठवले, कारण तू अठरा वर्षांचा होतास आणि भिंतीवर चढायचास. वडिलांनी ओसरीवर तुला उभे केले. तू म्हणालास, "मी डकवले," आणि एकदा माझ्याकडे पाहिलेस. मी पोथी वाचत होतो. तुला रामरक्षेपलीकडे संस्कृत येत नव्हते, हे वडिलांना समजायला हवे होते. पण रागात व्याकरण दिसत नाही. मला तर दिसत होते. तू रात्र व्हायच्या आत घर सोडलेस. वडील वारले तेव्हाही मी त्यांना सांगितलेले नव्हते.

क्षमा मागण्यासाठी हे लिहिलेले नाही. ती निराळी मागेन, तोंडाने, तू येऊ दिलेस तर मुंबईला येऊन. आज मला तुझ्याकडून एक काम हवे आहे. गुरुवारपर्यंत माझे पत्र तुला आले नाही, तर सोबतचा कागद पाकिटात घालून आनंदरावांच्या नावाने भोरला टाक. माझ्याकडे परत पाठवू नकोस, आणि मी काहीही कारण लिहिले तरी ऐकू नकोस. मला कारणे फार चांगली सुचतात. परवापासून एक सुचलेले आहे: कोंडिबानेच नको म्हटले आहे, लोकांच्या श्रद्धेचा प्रश्न आहे, एका माणसापेक्षा गाव मोठे. ऐकायला किती शहाणपणाचे वाटते पाहा.

मला धास्ती लोक हसतील याची नाही. शाळेत, पेठेत काय बोलतील याचीही फारशी नाही. त्याची सवय होईल. कोंडिबा उद्या बैठकीत कोपऱ्यात उभा राहील, आनंदराव विचारतील, कोणी सांगितले होते का, आणि तो माझ्याकडे बघणारही नाही. तू निदान एकदा पाहिले होतेस. तेव्हा माझ्या समोर कागद असेल, त्यावर बैठकीचे इतिवृत्त लिहायचे माझेच काम आहे, आणि मान खाली घालून लिहीत राहणे मला फार सोपे जाईल.

मला भीती वाटते, रघुवीर, की मी लिहीतच राहीन.

केशव